न शिवता मोजलेला झोत

पावसाळ्यात मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरताना धुकं दाटलं, की समोरच्या गाडीच्या दिव्यांचे झोत हवेत आखल्यासारखे दिसतात. कोरड्या रात्री दिवे तेच असतात, झोत मात्र दिसत नाहीत. कणत्वरकातला झोत बघण्याची एक रीत समजून घेताना मला तो घाट आठवला.

मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘लेहिपा’ हा प्रोटॉन त्वरक आहे. 20 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपर्यंत प्रोटॉन नेण्यासाठी तो बांधला. अशा यंत्रात झोत किती रुंद, कुठे दाट, हे सतत कळावं लागतं. तो भरकटला तर नळीच जाळेल. जुनी पद्धत झोतातून बारीक तार फिरवण्याची. पण एवढ्या ऊर्जेचा, 10 मिलिअँपिअरचा सलग झोत म्हणजे 200 किलोवॅट. तिथे तार टिकत नाही.

मग कामी येतो वायू. त्वरकाच्या नळीतली हवा पंपांनी उपसतात, तरी थोडे रेणू उरतातच. कधी किंचित नायट्रोजन मुद्दाम सोडतात. प्रोटॉनच्या धक्क्याने रेणू चेततो आणि शांत होताना प्रकाश देतो. धुकं दिव्याचा उजेड नुसता विखुरतं. इथे वायू स्वतः उजळतो. नायट्रोजनच्या आयनाचा हा प्रकाश जांभळट, 391 नॅनोमीटरच्या आसपासचा. खिडकीबाहेरचा कॅमेरा तो टिपतो. जिथे उजेड जास्त, तिथे प्रोटॉन जास्त. आडवी रुंदी एक कॅमेरा देतो, उभीसाठी दुसरा लागतो.

उजेड फार मंद आणि चहूबाजूंना फेकलेला असतो, त्यामुळे भिंगाच्या वाट्याला त्यातला कणभरच येतो. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत तो वाढवणारी नळी कॅमेऱ्यापुढे बसवतात. खरी मेख मात्र वेगळीच आहे. चेतलेला नायट्रोजन आयन प्रकाश देण्याआधी सुमारे 60 नॅनोसेकंद थांबतो. तो विद्युतभारित असल्याने दाट झोताचं विद्युतक्षेत्र तेवढ्यात त्याला सरकवतं आणि चित्र खऱ्याहून रुंद येतं. निऑनचा चेतलेला अणू भाररहित, म्हणून तो असा ढकलला जात नाही. सर्न प्रयोगशाळेत निऑनचा पातळ पडदा झोताला आडवा सोडून त्याचा 585 नॅनोमीटरचा प्रकाश टिपण्याची पद्धत निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या शक्तीच्या सलग झोतावर रोजचा पहारा या प्रकाशाचाच असावा. तार कमी शक्तीवर ताळा पाहण्यापुरती ठेवावी.