मानसोपचाराचे पूर्वकर्म

सुश्रुताचार्यांनी कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन टप्पे सांगितले आहेत. पंचकर्म करणारा प्रत्येक वैद्य ते नित्य आचरणात आणतो. स्नेहन-स्वेदनाशिवाय रुग्णास वमन वा विरेचन द्यावे, हे आपल्या मनातही येत नाही. मात्र रुग्णास मानसोपचारासाठी पाठविताना आपण हे सूत्र सोयीस्करपणे विसरतो. चिठ्ठीवर नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून दिला की आपले कर्तव्य संपले, असे मानतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ही चूक घडली आहे. तीतून जे शिकावयास मिळाले ते वैद्यबंधु-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पन्नाशीच्या एक गृहिणी अनिद्रा, अम्लपित्त आणि छातीत धडधड अशी लक्षणे घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हिमोग्लोबिन, थायरॉइड, हृदयालेख यांत दोष आढळला नाही. शिरोधारा व शमन औषधांनी थोडा उपशय मिळे, पण तो टिकत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पाठचा भाऊ वारला होता. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दाराशी आंब्याचा हंगाम. त्यांच्याच शब्दांत, त्यांना रडायलाही सवड मिळाली नव्हती. मी चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी विचारले, “म्हणजे मला वेड लागलंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?” मी म्हणालो, “तसं नाही हो वहिनी, एकदा जाऊन तर या,” आणि पुढच्या रुग्णास आत बोलाविले.

चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा वजन उतरले होते आणि जगण्यात काही उरले नाही, असे त्या बोलू लागल्या होत्या. माझी चिठ्ठी पर्समध्ये तशीच घडी घातलेली होती.

भीतीचे मूळ

वहिनींचा प्रश्न आपल्या गावात अधिकच बोचरा ठरतो. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. उर्वरित तीन ठाणे, येरवडा व नागपूर येथे. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या या संस्थेने असंख्य रुग्णांना आधार दिला. परंतु लोकांच्या बोलण्यात तिचे नाव चेष्टेचा वा धाकाचा विषय होऊन बसले. त्यामुळे ‘मन’ हा शब्द वैद्याने उच्चारताच रुग्णाच्या डोळ्यांपुढे तो दरवाजा उभा राहतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार विविध मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्या टक्केवारीत आपल्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवणारेही असणारच.

शास्त्र आणि कायदा

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हे तिचे स्वरूप. रज-तम हे मनोदोष आणि त्यांवर ज्ञान, धैर्य, स्मृती इत्यादींचा उपाय हेही आपण प्रथम वर्षापासून शिकतो. आधुनिक मानसोपचारातील बोधात्मक पद्धतींशी तिचे साम्य सहज दिसते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५ ची, कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती मराठी वाचकांना परिचित झाली. तथापि साम्य दिसले म्हणजे कौशल्य आले असे नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश केला आहे. केवळ बी.ए.एम.एस. असणाऱ्या आपल्यासारख्यांचा नाही. तेव्हा योग्य ठिकाणी पाठविणे आणि पाठविण्यापूर्वी सिद्ध करणे, हेच आपले कर्म.

प्रथम आत्ययिक अवस्था ओळखावी

आत्महत्येचे विचार, अन्नपाणी सोडणे, भ्रम वा हिंसकता असेल तर पूर्वकर्मात वेळ दवडू नये. जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे; विचारल्याने तो विचार बळावत नाही. अशा रुग्णास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे व तेथे मराठीत बोलता येते. वहिनींना त्याच दिवशी यजमानांसमवेत मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. औषधे सुरू झाली आणि दोन आठवड्यांनंतरची मानसोपचाराची पहिली वेळ ठरली. त्या दोन आठवड्यांत जे केले ते असे.

पूर्वकर्म

१. कोणाकडे जावयाचे ते समजावणे. मनोविकारतज्ज्ञ हे औषधे देणारे वैद्यकीय पदवीधर; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे मुख्यत्वे संवादातून उपचार करणारे, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांचे शिक्षण भिन्नभिन्न असते. म्हणून पात्रता निःसंकोच विचारावी.

२. एक पानाचे टिपण. त्रास केव्हा सुरू झाला, त्या सुमारास घरात काय घडले, निद्रा व क्षुधा कशी, कोणत्या वेळी त्रास वाढतो, कुटुंबात कोणास असा विकार होता का. शेवटी एकच वाक्य: काय बदलावे असे वाटते? लिहिता येत नसल्यास विश्वासातल्या माणसाकडून लिहवून घ्यावे. आपल्या प्रश्नपरीक्षेचेच हे रूप.

३. औषधांची पिशवी. ॲलोपॅथीच्या गोळ्यांबरोबर चूर्णे, आसवे, घरगुती काढे सारे न्यावे. यात संकोच घातक ठरतो. सर्पगंधेतील रिसर्पिनने काही रुग्णांत विषाद उत्पन्न होतो, हे सर्वज्ञात आहे. लिथियम घेणाऱ्या रुग्णास विरेचन, अतिस्वेदन, मूत्रल द्रव्ये वा लवणवर्जन यांमुळे औषधाची रक्तातील मात्रा विषारी पातळीस जाऊ शकते. निद्राकर औषधांसमवेत अश्वगंधा, तगर आदींनी गुंगी वाढू शकते. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, हेही बजावावे.

४. पहिल्या भेटीचे स्वरूप. साधारण पाऊण ते एक तास. तज्ज्ञ प्रश्न विचारतात, ऐकतात, पुढील आखणी करतात. सारे त्याच दिवशी सांगण्याची सक्ती नसते. रडू आले तर ते अपयश नव्हे. पद्धत कोणती, अंदाजे किती भेटी, शुल्क किती, वेळ चुकल्यास काय, हे रुग्णानेही विचारावे. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही तर तज्ज्ञ बदलता येतो.

५. गोपनीयता. लहान गावातील ही सर्वांत मोठी चिंता. माहिती गुप्त राखणे हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. जीवितास धोका असल्यास मात्र त्यास अपवाद असतो. कोणास बरोबर न्यावे हे रुग्णाने ठरवावे आणि त्या व्यक्तीने बोलावल्याखेरीज आत जाऊ नये. दूरध्वनीवरून भेट असल्यास एकांत व रेंज दोन्ही आधी पाहून ठेवावे. कोकणातल्या घरात ही दोन एका खोलीत क्वचितच मिळतात.

६. त्या दिवसाचा विहार. लघु आहार, पुरेशी निद्रा, परतीच्या एसटीची वेळ ठाऊक असणे. भेटीनंतर थकवा येतो, म्हणून त्या दिवशी पाहुणे वा मोठे काम ठेवू नये.

पश्चात्कर्म

ठरल्या दिवशी वहिनी गेल्या. परतल्यावर थोड्या ओशाळून म्हणाल्या, “अर्धा वेळ मी आंब्याच्या भावाबद्दलच बोलले.” मी म्हणालो, “आणि उरलेला?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “भावाबद्दल,” एवढेच म्हणाल्या. मी अधिक विचारले नाही, विचारावयाचे नसते. पुढची वेळ केव्हाची आहे, एवढे मात्र विचारले आणि आपल्या नोंदवहीत टिपून ठेवले.

भेटी सहा-सात महिने चालल्या. गोळ्यांची मात्रा तज्ज्ञांनीच क्रमाने उतरविली. आमच्याकडे अभ्यंग व आहारविहार चालू होता आणि काय देत आहोत ते तज्ज्ञांस प्रत्येक वेळी लिहून कळविले जात होते. वहिनींची निद्रा सुधारली आहे. सासूबाईंसाठी दुपारपुरती एक बाई ठेवली आहे. भावाच्या वर्षश्राद्धास यंदा त्या माहेरी गेल्या.

त्यानंतर माझ्या चिकित्सालयात चिठ्ठी देण्याची पद्धत बदलली. आता रुग्णासमोरच दूरध्वनी करून वेळ ठरविली जाते, टिपणासाठी कोरा कागद दिला जातो आणि भेटीच्या दुसऱ्या दिवशी विचारपूस केली जाते. यास एकूण वीस मिनिटे लागतात. पहिल्या खेपेस मी ती दिली असती तर त्या माऊलीचे चार महिने वाचले असते.