पिकअपची थरथर आणि क्रॉसचे कोन

नेदरलँड्समध्ये राहणारा मराठी माणूस पिकअप कशाला ठेवील, असा प्रश्न बऱ्याच वाचकांना पडेल. आपल्यापैकी बहुतेकांची धाव सायकल, रेल्वे आणि फार तर एखादी सेकंडहँड स्टेशनवॅगन, इथपर्यंतच. पण ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे त्यांना मालवाहू गाडीवर इथे रस्ताकर कमी पडतो. जुलै २००५ मध्ये नियम कडक झाले, तरी व्यावसायिकांची ही सवलत टिकली. त्यामुळे जुन्या अमेरिकन पिकअप या चिमुकल्या देशात अजूनही बऱ्याच दिसतात. ब्राबांतमधल्या आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडे अशीच एक आहे. त्या डबे आणि समारंभाचा स्वयंपाक पुरवतात. भरलेली पातेली एकटीने चढवता यावीत म्हणून त्यांनी गाडीची मागची बाजू एका गॅरेजमधून खाली करून घेतली, आणि तिथून थरथर सुरू झाली.

"भावजी, गावात गाडी शहाण्यासारखी वागते, हायवेला लागली की अंगात येतं तिच्या," असे त्यांनी फोनवर सांगितले. ऐंशीच्या पुढे सीटखालून घुमल्यासारखा आवाज, शंभराला आरशातले चित्र धूसर. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा झाले होते, आणि आता संपूर्ण शाफ्ट बदलण्याचे अंदाजपत्रक हातात होते. दर शनिवारी कुणाच्या तरी मुंजीचे किंवा वाढदिवसाचे जेवण पोचवायचे असल्यामुळे गाडी उभी करून ठेवण्याचीही सोय नव्हती. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण माझा प्रबंध यंत्रांच्या कंपनावर होता. तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे येणे ओघानेच आले.

आधी थोडे मूळ शास्त्र पाहू. गिअरबॉक्समधून निघणारी फिरकी मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यागणिक मागचा अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारा सांधा लागतो. त्याला पुण्याच्या गॅरेजात 'क्रॉस' म्हणतात. डच मिस्त्रीही त्याच्या नावात 'क्रूस'च म्हणतो, आणि शाफ्टला 'कार्डान-आस'. हे नाव जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) या इटालियन पंडिताचे. सांध्याचे वर्णन मात्र रॉबर्ट हूकने १६७६ च्या पुस्तकात केले. घड्याळाच्या स्प्रिंगच्या श्रेयावरून आपल्या हेगच्या क्रिस्तियान हायगेन्सशी भांडला तो हाच हूक. असो.

या सांध्यात एक खोड आहे. सांधा कोनात असताना एका बाजूला फिरकी अगदी एकसारखी दिली, तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी मिळत नाही. एक ताट घ्या, त्यावर घड्याळासारख्या बारा समान रेषा काढा आणि ताट तिरके धरून पाहा. काही रेषा जवळ आलेल्या दिसतील, काही लांब गेलेल्या. तसाच शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंश असेल तर वेगातला फरक सरासरीच्या वरखाली जेमतेम ०.१४ टक्के, ६ अंशांना ०.५५ टक्के. म्हणजे कोन दुप्पट केला की त्रास चौपट. वेगाचेही तसेच: फिरकी दुप्पट झाली की झटकाही चौपट. म्हणूनच गाडी गावात शहाणी आणि हायवेवर वेडी.

मग रोजच्या गाड्या थरथरत का नाहीत? कारण मागचा क्रॉस पुढच्याच्या नेमकी उलट खोड करतो आणि दोघांचे भांडण आपसातच मिटते. त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका पातळीत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. दुसऱ्या अटीचा साधा अर्थ असा, की गिअरबॉक्सचा अक्ष आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा अक्ष समांतर हवेत. शाफ्ट स्वतः कितीही तिरका असला तरी, मर्यादेत, चालतो.

आता वहिनींच्या गाडीकडे येऊ. पाट्यांवर बसणारा अ‍ॅक्सल सरळ वर सरकवला तर समांतरपणा टिकतो. इथे मात्र कारागिराने पाट्याचे फक्त मागचे टोक ५ सेंटिमीटरने बदलले होते. पाट्याची लांबी १३० सेंटिमीटर. त्यामुळे मध्यावर, जिथे अ‍ॅक्सल असतो, गाडी अडीचच सेंटिमीटर खाली आली. पण अख्खा पाटा सव्वादोन अंशांनी कलला आणि त्याच्याबरोबर पिनियनचे नाकही खाली वळले. मोजमाप केले तेव्हा गिअरबॉक्स ३ अंश, शाफ्ट ५ अंश आणि पिनियन ०.८ अंश उतरता निघाला. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन २ आणि मागच्याचा ४.२. दोन्हींच्या वर्गांतला फरक काढून त्याचे वर्गमूळ घेतले की उरलेली खोड कळते. इथे ती ३.७ अंशांच्या एकट्या क्रॉसइतकी भरली. सर्वसाधारण संकेत असा, की ही बाकी ३ च्या आत असावी.

मोजताना गाडीचे वजन चाकांवरच हवे. चाके लोंबकळत ठेवून मोजलेले कोन फुकट. डिजिटल कोनमापक पुरतो. मोबाइलही चालतो, पण कंपन मोजताना मोबाइलवर आंधळा विश्वास नको. या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते आणि डिफरन्शियलचे प्रमाण ३.५ आहे. तेव्हा शंभराच्या वेगाला चाक सेकंदाला साडेबारा, शाफ्ट ४४ फेरे घेतो आणि क्रॉसची थरथर सेकंदाला ८८ वेळा होते. फोनचे अ‍ॅप सेकंदाला शंभरच नोंदी घेत असेल, तर त्याला पन्नासच्या पुढचे काही खरे दिसत नाही. म्हणून मी पन्नासच्या वेगाला नोंद घेतली. ४४ ला स्पष्ट टोक आले, तर चाकाच्या ६ ला जवळजवळ काहीच नाही. बॅलन्सिंगवाल्याच्या हाती काही का लागले नाही, ते यावरून कळावे.

उपाय म्हणजे पाचर. आपल्याकडे पाचर मारणे हे कुणाचे तरी काम बिघडवणे, इथे उलट. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये सव्वादोन अंशांची पोलादी पाचर बसवायची. अ‍ॅक्सल पाट्याखाली असेल तर जाड बाजू मागे, पाट्यावर असेल तर पुढे. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव पाचरी स्वस्त मिळतात, पण त्यांना तडे जाऊ शकतात. मी त्या घेणार नाही. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी, नाहीतर जोडताना योक एका पातळीत राहत नाहीत आणि नवीच थरथर विकत घेतल्यासारखे होते.

कोन शून्य करावेत, हा मोह मात्र टाळावा. क्रॉसच्या टोकांतल्या सुईसारख्या रोलरना थोडे तरी हलावे लागते. ते एकाच जागी दबून राहिले की तिथे चरे पडतात. निदान एखादा अंश तरी ठेवावा. लांब पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे सेंटर बेअरिंग. तिथे तीन क्रॉसचा हिशेब करावा लागतो आणि त्या बेअरिंगची उंचीही जुळवावी लागते. महाराष्ट्रात कांदा-टोमॅटोच्या भारासाठी पिकअपला जादा पाटे घालतात, तिथे गाडी उलट उंच होते. पण मोजायचे कोन तेच.

हे सगळे केवळ आरामासाठी नाही. सततच्या झटक्यांनी क्रॉस आणि गिअरबॉक्सचे सील झिजतात. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे तोंड रस्त्यावर टेकते, आणि मागे भरलेली पातेली आणि गॅसचा सिलिंडर असताना तसे होऊ देण्याची माझी तयारी नाही. इथल्या वार्षिक तपासणीत, म्हणजे आपेकात, हे कोन कोणी मोजत नाही. निलंबनात मोठा बदल करणार असाल तर परवानगी लागेल का, हे आरडीडब्ल्यूला आधीच विचारावे.

पाचरी बसल्यावर दोन्ही कोन २ अंशांवर आले. शाफ्ट बदलावा लागला नाही. पातेली भरली की पाटे दबतात, पण दोन्ही टोके सारखीच दबत असल्यामुळे समांतरपणा टिकतो. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळून पिनियन नाक वर करते आणि क्षणभर हलकी घुमी येते. मी आणखी एका अंशाने नाक खाली ठेवून पाहू का, असे विचारले. वहिनी म्हणाल्या, "जेवण घेऊन जाताना मी तशी चालवतच नाही. राहू द्या."