कर्ज, कापूस आणि सत्ता

आफ्रिकेत युरोपियन राष्ट्रे सुधारणेचा दिवा घेऊन गेली, असे सांगणारे गृहस्थ अद्याप भेटतात. त्यांनी आमच्या चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर घटकाभर उभे राहावे. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या खर्चाचे व थकबाकीचे निमित्त करून इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड प्रांत आपल्या कारभाराखाली घेतला. १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. १८६७ साली लोहमार्ग येथून पुढे नागपुरास पोहोचला. तो कोणाच्या सोयीकरिता, हे आमच्या अडत्यांस सांगणे नको!

त्याच यादवीत इजिप्तच्या कापसासही सोन्याचा भाव आला होता. पुढे भाव उतरले, खेदिव इस्माईल कर्जात बुडाला. १८७५ साली त्याने सुएझ कालव्याचे आपले भाग इंग्रजांस विकले आणि १८८२ साली इंग्रजी फौज इजिप्तात उतरली. तीत हिंदी शिपाईही होते, ही गोष्ट आम्हांस लिहवत नाही. १८८४-८५ साली बर्लिन येथे आफ्रिकेविषयी परिषद भरली. तीत आफ्रिकेचा प्रतिनिधी एकही नव्हता. १९०२ साली कर्झनसाहेबांनी वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला, तेव्हा वऱ्हाडच्या रयतेसही कोणी पुसले नाही. पिकवावे येथे, आणि भाव ठरावा लिव्हरपुलास! ज्वारीच्या वावरांत कापूस पसरत गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच वावरांचे धनी अन्नास मोताद झाले.