विश्लेषण : कन्सोलच्या लढाईत सातारा-सांगलीच्या गेमरचे काय पणाला लागले आहे?

‘घोस्ट ऑफ योतेई’ हा गेम २ ऑक्टोबर २०२५ रोजी फक्त प्लेस्टेशन ५ साठी आला आणि महिन्याभरात त्याच्या ३३ लाख प्रती विकल्या गेल्या. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला सर्वांत प्रतिष्ठेचा ‘हेलो’ प्रतिस्पर्धी सोनीच्या प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा केली. ‘कन्सोल युद्ध संपले, सोनी जिंकली’ असा निकाल अनेक गेमरनी देऊन टाकला. मात्र सातारा, कराड, सांगली, मिरजेत पैसे साठवून कन्सोल घेणाऱ्या तरुणासमोरचा प्रश्न वेगळा आहे. कोण जिंकले यापेक्षा, विकत घेतलेला गेम मित्राला देता येईल का आणि खेळून झाल्यावर विकता येईल का, याच्याशी त्याचा हिशेब जोडलेला आहे. हे सगळे टिकून आहे ते डिस्कवर. आणि या लढाईत मागे पडत चालली आहे ती डिस्कच.

लढाई कोणाकोणात आहे?

सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच अशी ही तिरंगी स्पर्धा आहे. सप्टेंबर २०२५ अखेर प्लेस्टेशन ५ ची जगभरातील विक्री ८ कोटी ४२ लाखांवर गेली. निन्टेन्डोचे स्विच २ हे कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आले आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक विकले गेले. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१५ पासून एक्सबॉक्स किती विकले जातात हे सांगणेच बंद केले आहे.

भारतात हे चित्र बदलते. निन्टेन्डोने स्विच येथे कधीच अधिकृतपणे विकले नाही. त्यामुळे ते परदेशातील नातेवाइकांकडून किंवा आयात करणाऱ्या दुकानदारांकडूनच मिळते आणि बिघडले तर वॉरंटीचा आधार नसतो. प्लेस्टेशन ५ प्रो हे महागडे मॉडेलही नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आले, तेव्हा भारतात आले नाही. त्यातील वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या सहा गिगाहर्ट्झ लहरींना येथे परवानगी नव्हती. या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्राने मे २०२५ मध्ये काढला. थोडक्यात, सांगलीच्या गेमरची निवड मुख्यतः प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स या दोघांपुरतीच राहते.

‘हेलो’ प्लेस्टेशनवर येण्याचे महत्त्व काय?

कन्सोल कंपन्यांचे मोठे शस्त्र म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह’ गेम, अर्थात फक्त आपल्याच यंत्रावर चालणारा गेम. ‘हेलो’ २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आला आणि त्या यंत्राची ओळख बनला. आता त्याची नवी आवृत्ती ‘हेलो : कॅम्पेन इव्हॉल्व्ह्ड’ २०२६ मध्ये प्लेस्टेशन ५ वरही येणार आहे. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ आणि ऑगस्टमध्ये ‘गिअर्स ऑफ वॉर : रीलोडेड’ प्लेस्टेशनवर दाखल झाले होते. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून घेतली. एवढी गुंतवणूक केल्यावर गेम एकाच यंत्रापुरते अडवून ठेवणे परवडत नाही, असा यातला व्यवहार.

यावर गेमरमध्ये दोन तट आहेत. एकाच्या मते हे ग्राहकाच्या हिताचे आहे, कारण एका गेमसाठी ५० हजारांचे दुसरे यंत्र घ्यावे लागत नाही. दुसऱ्याच्या मते स्पर्धा संपली की किमतीवरचा लगाम सुटतो. २०२५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही महागले, हे या दुसऱ्या गटाचे उदाहरण. पूर्वी कन्सोल जुने झाले की स्वस्त होत असे. २०२५ मध्ये पाच वर्षांचे यंत्र महाग झाले.

‘घोस्ट ऑफ योतेई’ची एवढी चर्चा का?

सोनी अजूनही एक्सक्लुझिव्हचे शस्त्र खाली ठेवायला तयार नाही, हे या गेमने दाखवले. सकर पंच या अमेरिकी स्टुडिओचा हा गेम १६०३ मधल्या एझो बेटावर, म्हणजे आजच्या जपानमधील होक्काइडोवर घडतो. लहानपणी डोळ्यांदेखत कुटुंब मारले गेलेली आत्सू १६ वर्षांनी परतते आणि ‘योतेईचे सहा’ या टोळीतील एकेकाचा शोध घेते. नकाशावर बाण दाखवण्याऐवजी वाहता वारा वाट दाखवतो, दुर्बिणीतून दिसलेल्या खुणेवरून पुढचे ठिकाण ठरते. तलवारीबरोबर भाला, दुहेरी तलवारी आणि साखळीचा कोयताही हाताशी असतो. गेमरची तक्रार असते ती एवढीच, की २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’पेक्षा यात फार वेगळे काही नाही आणि सूडकथेचे वळण आधीच ओळखू येते. पण निसर्ग, लढाई आणि खेळाडूला दिलेली मोकळीक याबाबत सहसा दुमत होत नाही.

सातारच्या खेळाडूला हा गेम आणखी एका कारणाने भिडू शकतो. डोंगर, गवताळ पठार, गड आणि घोडदौड हे दृश्य त्याच्या ओळखीचे आहे. सातारा जिल्ह्यातील प्रतापगड जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील १२ किल्ल्यांत गेला. मात्र मोठ्या गेममध्ये मराठे भेटतात ते क्वचित. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. त्या गेमची सुरुवात होते १७०० मध्ये, ज्या वर्षी मोगलांनी साताऱ्याचा अजिंक्यतारा घेतला. तो गेमही संगणकाचा आणि परदेशी स्टुडिओचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आधी स्विचवर आणि नंतर इतर यंत्रांवर आणून असे काम महाराष्ट्रातून होऊ शकते हे दाखवले. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले होते.

सातारा-सांगलीत हिशेब कसा मांडला जातो?

प्लेस्टेशन ५ चे आटोपशीर ‘स्लिम’ मॉडेल ५ एप्रिल २०२४ रोजी भारतात आले. तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत होती ५४,९९० रुपये आणि डिस्क न चालणाऱ्या डिजिटल यंत्राची ४४,९९०. फरक बरोबर दहा हजारांचा. मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. त्यात कन्सोलवर १८ टक्के जीएसटी. हा कर पूर्वी २८ टक्के होता, तो जानेवारी २०१९ पासून कमी झाला.

वरवर पाहता डिजिटल यंत्र स्वस्त. पण समजा, साताऱ्यातील एखाद्याने पाच हजारांना डिस्क घेतली, महिनाभरात गेम संपवला आणि साडेतीन हजारांना विकली. त्याला तो गेम दीड हजारात पडला. वर्षात असे चार गेम खेळले तर खर्च सहा हजार. डिजिटल यंत्रावर तेच चार गेम पूर्ण किमतीला घेतले तर २० हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी सुरुवातीची दहा हजारांची बचत संपून वर चार हजार अधिक जातात. डिजिटल दुकानात सवलती लागतात, पण त्यासाठी बरेचदा काही महिने थांबावे लागते. शिवाय तो गेम पुढे विकता येत नाही.

लहान शहरात या देवाणघेवाणीला आणखी वजन असते. चार मित्रांनी चार वेगळ्या डिस्क घ्यायच्या आणि फिरवायच्या, एकाची सांगलीतून मिरजेत, तिथून कुरिअरने कराडला. ही सवय जुनी आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडीओ गेमची ‘कॅसेट’ अशीच गल्लीत फिरत असे. ‘मारिओ’ची देऊन ‘कॉन्ट्रा’ची आणायची, नाहीतर दिवसाच्या भाड्याने घ्यायची. यंत्रे बदलली, पण परवडण्याची युक्ती तीच राहिली.

२०१३ मध्ये काय घडले होते?

डिस्कचा हक्क ही किरकोळ बाब नाही, याचा दाखला खुद्द कन्सोलच्या इतिहासात आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर करताना जुने गेम देण्या-विकण्यावर बंधने आणि दर २४ तासांनी इंटरनेटवरून तपासणी, अशी योजना मांडली. जून महिन्यात सोनीने त्यावर काही सेकंदांची चित्रफीत काढली. प्लेस्टेशनवर गेम ‘शेअर’ कसा करायचा, तर एका अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवायची, बस्स! गेमरचा रोष इतका झाला की मायक्रोसॉफ्टने १९ जून २०१३ रोजी माघार घेतली.

पण व्हायचे ते नुकसान झाले होते. एक्सबॉक्स वन १०० डॉलरने महागही होता. भारतात प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आले, एक्सबॉक्स वन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. पुढे प्लेस्टेशन ४ ची जगभरातील विक्री ११ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली. आज सोनी ज्या आघाडीवर उभी आहे, तिच्या पायाशी ती हातातून हातात दिलेली डिस्क आहे.

मग डिस्क का आक्रसते आहे?

कारण कंपन्यांच्या सोयीचे गणित उलटे आहे. डिस्कला छपाई, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन लागते आणि ती दुसऱ्यांदा विकली गेली तर कंपनीच्या हाती काहीच येत नाही. डिजिटल विक्रीत मधले सगळे गळतात. प्लेस्टेशनवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेमपैकी चारातले सुमारे तीन आता डिजिटल असतात. एक्सबॉक्सचे स्वस्त सीरिज एस मॉडेल पहिल्यापासून डिस्कशिवाय आहे. ‘अ‍ॅलन वेक २’ हा गाजलेला गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला, डिस्क मिळाली वर्षभराने. स्विच २ च्या काही कार्डांत तर गेमच नसतो, फक्त किल्ली असते. ती लावून गेम इंटरनेटवरून उतरवायचा.

गेम ‘विकत घेतला’ म्हणजे नेमके काय?

डिजिटल खरेदीत ग्राहकाला मिळते ती मालकी नव्हे, वापरण्याची परवानगी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जानेवारी २०२५ पासून ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणे डिजिटल दुकानांना बंधनकारक आहे. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. त्या गेमला सतत सर्व्हर लागत असल्याने डिस्कवाल्यांचीही सुटका झाली नाही. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

मोबाइलवर खेळणाऱ्या तरुणांना हा अनुभव नवा नाही. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानातून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. तेथे कारण सरकारी आदेशाचे होते, ‘द क्रू’च्या बाबतीत कंपनीच्या निर्णयाचे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच, आज फोनमध्ये असलेला गेम उद्या असेलच असे नाही.

वर्गणी किंवा क्लाउड हा पर्याय ठरेल?

मायक्रोसॉफ्टचा गेम पास म्हणजे महिन्याची वर्गणी भरा आणि शेकडो गेम खेळा. छोट्या शहरातील गेमरला हा सौदा मोठा वाटत होता. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘अल्टिमेट’ योजनेचा दर अमेरिकेत २० वरून ३० डॉलर झाला, भारतातही तो वाढला. वर्गणी थांबली की गेमही थांबतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात सुरू झाली. यात गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि घरच्या पडद्यावर फक्त चित्र येते. महागडे यंत्र लागत नाही, पण अखंड आणि वेगवान इंटरनेट लागते. गावठाणात वीज गेली की राउटरही जातो, तेथे क्लाउडचा भरवसा मर्यादितच.

खरेदी करताना काय पाहावे?

वर्षाला एक-दोनच गेम खेळणाऱ्याला डिजिटल यंत्र परवडू शकते. नवे गेम लगेच खेळायचे असतील आणि आसपास देवाणघेवाण करणारे चार जण असतील, तर डिस्कचे यंत्र सुरुवातीला महाग असूनही पुढे स्वस्त पडते. जुनी डिस्क घेताना ती यंत्रात चालवून पाहावी. परदेशी आवृत्तीची डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते, पण तिचे जादा भाग त्याच देशाच्या खात्यातून घ्यावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

पुढची मोठी परीक्षा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची. त्याची तारीख सध्या १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर झाली आहे. तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर येणार असल्याने कोणते यंत्र, हा वाद त्या दिवशी गौण ठरेल. त्याऐवजी सांगलीत एक प्रत किती घरांत फिरू शकते, हे त्या दिवशी कळेल.