पिरोजाला झिलई देताना धोका खड्याचा नव्हे, धुळीचा

पिरोजाचा आकाशी आणि मॅलेकाइटचा गर्द हिरवा रंग ही तांब्याची देणगी आहे. अंगठीत जडवलेले हे खडे वापरणाऱ्यास सहसा अपाय करीत नाहीत. धोका असतो तो त्यांना घाट देणाऱ्या कारागिराला. कापताना व घासताना उडणारी सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाते. ती रोखणे हाच या कामातील सुरक्षिततेचा पाया आहे.

पिरोजा हे तांबे व ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट आहे, तर मॅलेकाइट आणि निळे ॲझुराइट ही तांब्याची कार्बोनेटे आहेत. मोस मापश्रेणीनुसार पिरोजाची कठिनता ५ ते ६, तर मॅलेकाइटची ३.५ ते ४ एवढीच असते. मऊ खडा चाकावर लवकर झिजतो आणि धूळही अधिक होते. तांबेयुक्त धुळीमुळे डोळे, नाक व घसा चुरचुरतो.

त्याहून गंभीर धोका सिलिकाचा आहे. पिरोजाभोवतीच्या खडकात अनेकदा क्वार्ट्झ असते आणि तेही खड्यासोबत घासले जाते. त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात साचल्यास सिलिकोसिस जडतो. हा आजार बरा होत नाही आणि क्षयरोगाची शक्यताही वाढवतो. अकीक हा क्वार्ट्झचाच प्रकार असल्याने गुजरातमधील खंभातच्या अकीक कारागिरांना या रोगाची झळ दीर्घकाळ सोसावी लागली आहे.

यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणी. करवत आणि घासण्याच्या चाकावर पाण्याची धार सतत सुरू ठेवल्यास बहुतांश धूळ जागीच बसते. मात्र उडणाऱ्या तुषारांतही सूक्ष्म कण असतात. म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, चष्मा आणि धूळ खेचून घेणारा पंखा आवश्यक ठरतो. तोंडावर बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही. पाण्याजवळ वीज असल्याने यंत्राचे अर्थिंगही तपासून घ्यावे.

काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये. चाकाखालचा गाळ वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. तो ओला असतानाच पुसून वेगळा साठवावा. तांबे जलचरांना घातक असल्याने तो गटारात सोडू नये. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

घरातच चाक चालविणाऱ्या कुटुंबांत ही धूळ मुलांपर्यंतही पोहोचते. सिलिकोसिसची लक्षणे बहुधा अनेक वर्षांनी दिसतात. त्यामुळे खोकला किंवा धाप लागण्याची वाट न पाहता कारागिरांनी छातीची नियमित तपासणी करून घेणे हिताचे आहे.