कपाट पावसाळ्यात तासू नका

दहिसरमध्ये पूर्वेला काय नि पश्चिमेला काय, जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की गेटपाशी सागवानी दिवाण, आरशाची कपाटं, वेत फाटलेल्या खुर्च्यांचे सांगाडे येऊन पडतात आणि भंगारवाला ते कवडीमोलानं उचलून नेतो. एखाद्या घरात मात्र कुणीतरी हट्टानं ते कपाट ठेवून घेतं. गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरली जातात, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर येतो आणि काम सुरू होतं. इथवर सगळं छान. पण पॉलिशपेपरबरोबर शेजारपाजारचे सल्लेही घरात येतात आणि तिथे गाडं अडतं. चाळीस-पन्नास वर्षं धडधाकट राहिलेल्या वस्तूची वाट अनेकदा एका रविवारच्या दुरुस्तीनं लागते. म्हणून या सल्ल्यांतले काही तपासून पाहू.

‘जुनं लाकूड आता हलत नाही’

सगळ्यांत जास्त नुकसान या एका समजुतीनं होतं. लाकूड शंभर वर्षांचं असलं तरी हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. हवेत साधारण 60 टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा 11 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. मुंबईच्या जुलैत आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की तोच हळूहळू 17 टक्क्यांकडे सरकतो. साग हा तसा शांत स्वभावाचा. तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत तो वाढचक्राच्या गोलाईच्या दिशेनं 5.8 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे 2.5 टक्के आकसतो. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हिशेब केला तर एक फूट रुंदीची फळी कोरड्या दिवसांपासून भर पावसाळ्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटर फुगू शकते. पॉलिशमुळे हा बदल उशिरा होतो, इतकंच.

आता जुलैत अडकणारा खण घ्या. आपण तो ओढून काढतो, कडेवर रंधा मारतो आणि खण लोण्यासारखा सरकला म्हणून खूश होतो. मार्चमध्ये तोच खण खुळखुळतो, कारण तासलेलं लाकूड परत येत नाही. पावसाळ्यात खणाच्या कडांना मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा आणि गप्प बसावं. हिवाळ्यातही अडकत असेल तरच रंधा काढावा.

जुन्या सुतारांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण लाकडाचा स्वभाव ठाऊक होता. कपाटाच्या दाराला चार बाजूंनी चौकट असते आणि मधली फळी त्या चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते. तिला गोंद लावलेला नसतो, खिळाही मारलेला नसतो. ती आत फुगते, आकसते, चौकटीला धक्का लागत नाही. हौशी माणसाला ती फळी हलताना दिसते आणि ‘सुतारानं काम अर्धवट सोडलंय’ असं वाटून तो चारी बाजूंनी फेविकॉल भरतो. पुढच्या कोरड्या मोसमात फळीला आकसायचं असतं, जागा मिळत नाही आणि ती उभी तडकते. टेबलाच्या वरच्या फळीचंही तसंच. खालून मारायच्या स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवायची, म्हणजे फळीला इकडेतिकडे व्हायला वाव राहतो.

‘गणपतीआधी पॉलिश करून घेऊ’

घराघरातला हा बेत. भावना समजते, पण त्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ निवडलेला असतो. जुन्या फर्निचरवरचं पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. लॅकरचंही असंच होतं. दिवाळीनंतर मेपर्यंत केव्हाही करा, पण पावसाळ्यात नको.

लाखेच्या पॉलिशचा एक मोठा फायदा फारसा कुणाला माहीत नसतो. ते स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतं. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात जागा चिकट झाली तर वर लाख आहे. मग सगळं पॉलिश खरवडून काढायची गरजच नाही. कपड्यात कापूस घालून पुरचुंडी करायची, तिला पातळ लाख लावून हलक्या हातानं फिरवायची. जुना थर आणि नवा थर एकजीव होतात. आणि आपण काय करतो, तर सँडर भाड्यानं आणतो! अनेक कपाटांवर सागाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर चिकटवलेलं असतं. आजकालचं व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. सँडर एकाच जागी काही क्षण थांबला की खालचं हलकं लाकूड दिसायला लागतं आणि त्यावर इलाज नाही.

गरम चहाच्या कपाचा पांढरा गोल डाग पॉलिशच्या थरात असतो, लाकडात नव्हे. स्पिरिटची जेमतेम ओली पुरचुंडी झरझर फिरवली की तो बहुधा जातो. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आले की तो तयार होतो. तो वरवर घासून जात नाही.

‘लाकडाला तेल पाजलं की जीव येतो’

लाकूड मेलेलं असतं. त्याला पोषण लागत नाही. नारळाचं तेल चोळलं की आठवडाभर चमक येते खरी, पण हे तेल सुकत नाही. त्यावर धूळ बसते, मग चिकटा होतो, पुढे खवट वासही येतो. लाकडाला लावायचं तेल हवेत सुकून थर धरणारं हवं. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, तसं आहे. तेही पातळ लावून उरलेलं लगेच पुसून घ्यायचं.

‘सागवानाला वाळवी लागत नाही’

अर्धसत्य. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात आणि वाळवीला ती आवडत नाहीत. पण सालीकडच्या फिकट लाकडात ही द्रव्यं फारशी नसतात. स्वस्तात मिळालेल्या सागात, विशेषतः लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडांच्या सागात, हा फिकट भाग बराच असतो. त्यामुळे ‘सागाचंच आहे, तरी कीड लागली’ ही तक्रार खरी असू शकते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कीड लागली म्हणजे वाळवीच लागली असं नाही. कपाटाखाली किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतली वाळवी. तिचं वारूळ घराबाहेर किंवा भिंतीत असतं, त्यामुळे नुसत्या खुर्चीवर औषध मारून काही साधत नाही. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी असेल तर तो भुंगेऱ्याच्या अळीचा उद्योग. आणि भुकटीऐवजी खसखशीसारखे कण पडत असतील, बारकाईनं पाहिलं तर त्यांना सहा बाजू असतील, तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी. किनारपट्टीवर ही आढळते आणि तिला मातीशी संबंध लागत नाही. तिन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा.

जुनी भोकं दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. कीड केव्हाच गेलेली असू शकते. कपाटाखाली काळा कागद ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पाहा. कागदावर ताजी भुकटी पडली असेल तरच कीड जिवंत आहे. रॉकेल ओतण्याचा घरगुती उपाय मात्र सोडून द्या. रॉकेल उडून जातं, मागे संरक्षण राहत नाही, राहतो तो फक्त आगीचा धोका.

‘सांधा ढिला झाला, दोन खिळे ठोक’

खुर्ची डगमगते कारण खाचेतला गोंद सुटलेला असतो, लाकूड बहुधा शाबूत असतं. खिळा ठोकला की नेमकं ते शाबूत लाकूड चिरतं. वर पुढच्या माणसाला सांधा खोलताही येत नाही. सुटलेल्या सांध्यात वरून फेविकॉल सोडणंही फुकट, कारण जुन्या गोंदाच्या थरावर नवा धरत नाही.

फेविकॉल 1959 मध्ये आलं. त्याआधीच्या जोडकामात सरस असायचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद. सरस गरम पाण्यानं आणि वाफेनं मऊ पडतो, त्यामुळे आजोबांच्या काळातली खुर्ची न मोडता सुटी करता येते. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळायचं, थोड्या वेळानं हळूहळू हलवायचं. सांधा सुटला की आतला सगळा गोंद पटाशीनं खरवडायचा, पण लाकूड तासायचं नाही. पूर्ण वाळलं की मग नवा गोंद. क्लॅम्प नसेल तर सुतारांची युक्ती वापरा. चारी पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घ्या, कडेला लाकडावर वळ उठू नये म्हणून पुठ्ठा ठेवा, वेढ्यांत एक काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून टाका. खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते त्याच वेळी पाहून घ्या, गोंद वाळल्यावर उशीर होतो. 24 तास तिच्यावर कुणी बसायचं नाही.

‘वॉटरप्रूफ प्लाय आहे, काही होत नाही’

नवं काही करायला घेतलं की हा शब्द दुकानात पहिल्या मिनिटाला ऐकू येतो. आयएस 710 या मानकाच्या मरीन प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटतात का ते पाहतात. म्हणजे परीक्षा गोंदाची होते. प्लायमधलं लाकूड पाणी पितंच. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर ओल तिथूनच शिरते. आयएस 303 मधलं एमआर प्लाय केवळ दमट हवेसाठी आहे, ते सिंकखाली लावू नये. पार्टिकल बोर्ड तर भिजलं की फुगतं आणि परत बसत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतल्या नद्यांनी काठ सोडले. दहिसर नदीच्या काठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा. भिजलेलं भरीव सागवान सावलीत सावकाश वाळवलं तर बहुतेकदा वाचतं.

म्हणून प्लाय वाईट असंही नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सांगाड्याला मी भरीव लाकडापेक्षा चांगलं प्लायच घेईन, कारण ते आडवंतिडवं फुगत नाही.

‘खरा साग बर्माचाच’

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या सागाला व्यापारी आजही ‘सीपी टीक’ म्हणतात, जुन्या मध्य प्रांतावरून. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला तो बल्लारशाहच्या आगारातून. तेव्हा आपल्या सागाला कमी लेखायचं कारण नाही. मूळ देशापेक्षा गाभा किती, गाठी किती आणि लाकूड नीट सुकलंय का हे पाहावं. भाव घनफुटावर असतो. जाडी आणि रुंदी इंचात, लांबी फुटांत धरून गुणाकाराला 144 नं भागलं की घनफूट निघतात. एक इंच जाड, बारा इंच रुंद, बारा फूट लांब फळी म्हणजे बरोबर एक घनफूट. वखारीत हा हिशेब मोबाइलवर स्वतः करावा. आणि हो, उत्तरेकडचं शीशम म्हणजे आपली काळसर शिसव नव्हे. दोन वेगळी झाडं आहेत, भावही वेगळे.

‘मशीन आणि वेगळी खोली असल्याशिवाय जमत नाही’

दुरुस्तीपुरतं बोलायचं तर गॅलरी पुरते. एक करवत, छोटा रंधा, अर्ध्या आणि एक इंचाच्या दोन पटाश्या, गुण्या, चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. यातला दगड सगळ्यांत महत्त्वाचा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते, हातालाही लागते. हातहत्यारांचा आणखी एक फायदा म्हणजे सोसायटीतून फोन येत नाही.

धोका खरा आहे तो दुसरीकडे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. ‘लाकडाचा भुसा नैसर्गिक, त्यानं काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाच्या धुळीची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली आहे. सागाच्या धुळीनं काहींच्या अंगाला खाजही सुटते. जुन्या ऑइलपेंटचं तर विचारूच नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेलं कपाट वा पाळणा कोरडा घासू नका. ओला पॉलिशपेपर वापरा, मुलांना दूर ठेवा, पडलेला चुरा झाडू न मारता ओल्या फडक्यानं टिपून घ्या. घासताना तोंडाला एन-95 मास्क हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

बेलतेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपलं की ती एकेक करून उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा, आणि मगच हात धुवायला जा.