धुमसत्या ओंडक्याचा हिशेब

चुलीत ओलसर लाकूड सारलं की आधी धूर कोंदतो. फुंकणीने वारा घातला की जाळ धरतो आणि धूर निवळतो. लाकूड तेच, पण हवेत जाणारं द्रव्य बदललेलं असतं. जंगल साफ करण्यासाठी अ‍ॅमेझॉनमध्ये लावल्या जाणाऱ्या आगींतून हवेत काय आणि किती जातं, हे मोजण्याचा गेल्या चार दशकांचा खटाटोप याच फरकापाशी अडलेला आहे. जंगल किती जळलं हे आता बऱ्यापैकी कळतं. ते पेटून जळलं की धुमसून, हे फार कमी कळतं. आणि आकडा चुकतो तो मुख्यतः तिथेच, असं माझं म्हणणं आहे.

हिशेबाची मूळ रीत १९८० साली वातावरणशास्त्रज्ञ वोल्फगांग सायलर आणि पॉल क्रुट्झन यांनी मांडली. तो साधा गुणाकार आहे: जळालेलं क्षेत्र, हेक्टरी असलेला झाडोरा आणि त्यातला प्रत्यक्ष जळून गेलेला हिस्सा. या गुणाकाराला किलोभर लाकडामागे निघणाऱ्या वायूच्या प्रमाणाने, म्हणजे उत्सर्जन गुणांकाने, पुन्हा गुणायचं. पहिला आकडा उपग्रह देतात. ब्राझीलची ‘इन्पे’ ही अवकाश संशोधन संस्था १९८८पासून दरवर्षी अ‍ॅमेझॉनमधली तोड मोजते आहे. जळालेला हिस्सा मात्र जमिनीवर उतरल्याशिवाय कळत नाही. माटो ग्रोसो राज्यातल्या आल्ता फ्लोरेस्टाजवळ संशोधकांनी जंगलाचे तुकडे तोडून, वाळवून, पेटवून पाहिले. पानं आणि डहाळ्या जवळजवळ पूर्ण जळतात. जाड खोडांची साल कोळपते, आतला गाभा शाबूत राहतो. सगळं धरून सुमारे निम्मंच वजन आगीत जातं. उरलेली खोडं पुढे दिवसेंदिवस धुमसतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा पेटवली जातात किंवा कुजतात. धूर विरला म्हणजे त्या जंगलाचा हिशेब मिटला, असं होत नाही.

उत्सर्जन गुणांक काढण्याची युक्ती सुंदर आहे. धूर वजन करून मोजता येत नाही. पण कोरड्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो आणि जळताना तो कुठल्या ना कुठल्या रूपाने हवेत जातो. म्हणून धुरातल्या कार्बनयुक्त वायूंचं आपसातलं प्रमाण मोजलं की पुरे. उष्ण कटिबंधीय जंगलासाठी २०११च्या एका मोठ्या संकलनाने दर किलोला १६४३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ९३ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि सुमारे ५ ग्रॅम मिथेन अशी सरासरी दिली. या आकड्यांमागची बरीच मोजणी विमानातून झालेली आहे. विमान शिरतं ते उंच चढणाऱ्या धुराच्या लोटात, आणि धूर उंच चढवते ती ज्वाळांची धग. धुमसत्या ओंडक्याचा धूर तेवढा उठत नाही. रात्रीच्या थंड हवेत तो जमिनीलगतच सरपटतो. ज्याच्यात कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि सूक्ष्म कण किलोमागे जास्त असतात, नेमका तोच धूर विमानाच्या वाट्याला कमी येतो. २००४ साली ब्राझीलमध्ये विमान आणि जमीन अशा दोन्हीकडून मोजणी झाली ती ही उणीव ओळखूनच.

धुमसण्याने आकडा किती हलतो, हे इंडोनेशियात उघड दिसलं. कालीमंतानमध्ये भातशेती आणि मळ्यांसाठी दलदलीचं जंगल तोडून कालवे खणले गेले, पाणी उतरलं आणि जमिनीखालचा पीटचा थर सुकून जळणाला तयार झाला. पीट म्हणजे हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा. तो ज्वाळेने पेटत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. २०१५च्या एल निनोत तिथे जमिनीवर केलेल्या मोजणीत दर किलोला कार्बन मोनॉक्साइड निघाला २९१ ग्रॅम, आधी दिलेल्या उष्ण कटिबंधीय जंगलाच्या सरासरीच्या तिप्पट. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंडोनेशिया आणि आसपासच्या आगींतून रोज सुमारे १.१३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असा अंदाज आहे. युरोपीय संघाच्या जीवाश्म इंधनांच्या रोजच्या उत्सर्जनाहून तो जास्त होता.

यावर कुणी म्हणेल, आता उपग्रहच सगळं पाहतात, मग ओंडक्यापाशी जाऊन बसायचं कशाला? उपग्रहांनी फार मोठं काम केलं आहे हे खरं. आगीची धग मोजून दर सेकंदाला किती लाकूड जळतं आहे, याचा अंदाज ते देतात. पण धग जास्त असते ज्वाळेत. शेकडो मीटर रुंदीच्या एका चौकोनात विझत आलेलं एखादं खोड सहज हरवतं, वर ढग असला तर विचारायलाच नको. याचा पुरावा उपग्रहाधारित हिशेबातच आहे. युरोपच्या अशाच एका प्रणालीत, आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या धुरकटपणाशी मेळ बसावा म्हणून कणांचा आकडा ३.४ पटीने वाढवावा लागेल, असं २०१२ साली तिच्या कर्त्यांनीच नोंदवलं. एवढी तफावत एका कारणाने येत नाही. न दिसलेल्या लहान आगीही तिच्यात आहेत. पण धुमसणं वगळून तिचा उलगडा करता येईल, असं मला वाटत नाही.

मोजणीची दुसरी वाट वरून खाली येण्याची, म्हणजे आधी हवा मोजून मग आगीकडे वळण्याची. वातावरणशास्त्रज्ञ लुसियाना गाती आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात अ‍ॅमेझॉनवर चार ठिकाणी लहान विमानांतून, सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून खाली उतरत, बाटल्यांमध्ये हवा भरली. त्यातून आगींचं उत्सर्जन वर्षाला सुमारे ४१ कोटी टन कार्बन निघालं. उरलेल्या जंगलाने त्याचा जेमतेम एक तृतीयांश शोषला. इथे धूर उंचावरचा की जमिनीलगतचा, हा भेद बराचसा मिटतो, म्हणून मला ही मोजणी अधिक भरवशाची वाटते. तरी तिलाही आगीचा वाटा वेगळा काढायला कार्बन मोनॉक्साइडचाच माग घ्यावा लागतो, आणि मोनॉक्साइडमागे डायऑक्साइड किती धरायचा हे पुन्हा धुमसण्यावर ठरतं. ओंडका चुकवून जायला वाट नाही.

जंगल पुन्हा वाढतं, धूर परत शोषला जातो, हाही आक्षेप नेहमीचा. सवाना गवताबाबत तो बराचसा पटतो. पुढच्या पावसात गवत येतंच. साफ केलेल्या जंगलाच्या जागी मात्र बहुतेक वेळा गुरांचं कुरण होतं, तिथे परत शोषायला तेवढं झाडच नसतं. शिवाय झाड वाढताना परत घेतं तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि काजळी नव्हे. आकडे एवढे हलतात तर त्यांच्यावर धोरण कसं आखायचं, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. पण ही चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही, ती एकाच बाजूला झुकते. धुमसणं निसटलं की मोनॉक्साइड, मिथेन आणि कण कमीच मोजले जातात. आणि हे कण तोड करवणाऱ्याच्या कचेरीत नव्हे, तर आगीशेजारच्या वस्तीत पहाटे जमिनीलगत साचलेल्या धुरात असतात. ज्वाळा विझून आठवडा उलटला तरी राखेत आडवं पडलेलं खोड एका टोकाने लालसर असतं. मोजणीची नळी तिथे, तेव्हा धरायला हवी.